‘फक्त दोन किलो प्रेशर आहे’ म्हणून चालू लाइन फोडायची का?

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या एका रिसॉर्टच्या वाढीव बांधकामात मी पोटठेक्याने प्लंबिंगचं काम घेतलं आहे. किनाऱ्याजवळच्या पंपातून वर सड्यावरच्या एसटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला) जाणारी १५० मिमीची जुनी डीआय (डक्टाइल आयर्न) रायझिंग मेन, म्हणजे पंपाने सांडपाणी वर चढवणारी लाइन, आहे. तिला नव्या इमारतीची १०० मिमीची लाइन जोडायची आहे. मूळ ठेकेदाराचा इंजिनीअर म्हणतो, सीझन आहे, पंप बंद मिळणार नाही, प्रेशर फक्त दोन किलो आहे, सॅडल (पाइपला आवळून बसवायची, फाटा काढायची पट्टी) बसवा आणि भोक मारा. वर्क ऑर्डरमध्ये ‘चालू लाइनला जोडणी’ एवढंच लिहिलंय. अपघाताची सर्व जबाबदारी माझी, उशीर झाला तर रोज ५,००० रुपये दंड. माझ्या चार पोरांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो’ असं ५०० च्या स्टॅम्पवर लिहून घ्यायलाही सांगितलंय. ६०,००० ॲडव्हान्स घेतला आहे. नकार दिला तर केस होईल का? आणि काम करताना काही झालं तर आत कोण जाईल?

उत्तर : आधी स्टॅम्प पेपरचं बोलू, कारण तो सगळ्यात निरुपयोगी आहे. कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क कामगाराला सही करून सोडता येत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याचं कलम १७ असा करार रद्दबातलच ठरवत होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तत्त्व तेच आहे. फौजदारी गुन्ह्यात तर कामगाराची अशी संमती सहसा ढाल होत नाही. उलट तो कागद पोलिसांच्या हाती लागला की पहिला प्रश्न येतो : धोका माहीत नव्हता, तर लिहून कशाला घेतलंत?

‘सर्व जबाबदारी पोटठेकेदाराची’ या कलमाचं वजनही लोक समजतात तेवढं नाही. त्याने पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जायचे एवढंच ठरतं. वारसांना भरपाई मूळ ठेकेदाराकडून थेट मागता येते, मग तो ती तुमच्याकडून वसूल करायला बघेल. तुरुंगवास मात्र कराराने दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. पंप चालू ठेवायला सांगणारा इंजिनीअर आणि पोरांना खड्ड्यात उतरवणारे तुम्ही, दोघेही त्यात येऊ शकता.

आता त्या दोन किलोंकडे या, कारण तुमची कायद्याची बाजू यावरच उभी राहणार आहे. दोन किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. १५० मिमी पाइपचं तोंड साधारण १७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बेंड (वळणाचा तुकडा) निसटला किंवा पाइप उघडा पडला तर जोर साडेतीनशे किलोंचा. तुमच्या १०० मिमी फाट्यावरही दीडशेच्या वर. भोकातून सांडपाणी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने उडेल. इंजिनीअरने न सांगितलेली गोष्ट वेगळीच आहे : पंप बंद केला म्हणून प्रेशर जात नाही. एसटीपी १८ मीटर वर असेल तर नुसत्या चढाचंच १.८ किलो प्रेशर नॉनरिटर्न वॉल्व्हच्या (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेच्या) पुढे तसंच उभं राहतं. आणि ८०० मीटर लाइन धरली तर तिच्या पोटात १४,००० लिटर असतं, ते खालच्या भोकातून खड्ड्यातच येणार.

म्हणून ‘शटडाऊन’ म्हणजे स्टार्टरचं बटण दाबणं नव्हे. पंप फ्लोटवर (पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचवर) असतो, पंपविहीर (सांडपाणी जमा होणारी टाकी) भरली की आपोआप सुरू होतो, आणि स्टँडबाय पंप दुसऱ्या फीडरवर असू शकतो. मेन आयसोलेटर आणि जनरेटरचा चेंजओव्हर दोन्हींना कुलूप, चावी तुमच्या माणसाच्या खिशात. मग लाइनमधलं पाणी बायपासने पंपविहिरीत परत किंवा टँकरमध्ये, आणि गेज शून्यावर आलेलं प्रत्यक्ष बघून फोटो.

‘पंप बंद ठेवता येत नाही’ हेही आकड्यात मोडा. समजा १०० खाटांचं रिसॉर्ट, खाटेमागे दिवसाला १८० लिटर, त्यातलं ८० टक्के गटारात : दिवसाला १४,४०० लिटर. सरासरीने चार तासांत २,४००, गर्दीची वेळ म्हणून दुप्पट धरा, तरी १०,००० लिटरचा एक टँकर पुरतो. लाइन रिकामी करायला आणखी दोन फेऱ्या. सकाळी अकरा ते तीन हे काम उरकतं. रात्री नको; अंधारात कोण पडलं तेही कळत नाही.

गॅसचं पोरांना आत्ताच समजावा. भरलेल्या बंद लाइनमध्ये हवा नसल्याने हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि प्रेशर सुटताच बाहेर पडतो. हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचतो. १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, म्हणून ‘वास गेला, आता ठीक आहे’ हीच घातवेळ. चार वायूंचा मीटर आधी दोरीने तळाशी सोडायचा : हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर किंवा ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर कोणी उतरायचं नाही. पाणी उपसायचं पेट्रोल इंजिन खड्ड्याच्या काठावर ठेवू नका. एक जण कोसळला तर दुसऱ्याने तसंच उडी मारायची नाही, हे रोज सांगा. वाचवायला उतरलेलाच जास्त वेळा जातो.

किनाऱ्याची वाळू आधाराशिवाय उभी राहत नाही, आणि भरतीला तळातून पाणी वर येतं. उधाणाच्या दिवसांत खणू नका, अष्टमीच्या आसपासचा भांग (भरती कमी चढते ते दिवस) धरा. जुन्या बेंडमागचा थ्रस्ट ब्लॉक (बेंडला रेटून धरणारा काँक्रीटचा ठोकळा) उघडा पडेल असं मुळीच खणू नका; बेंड निसटतो तो असाच. सॅडल घेण्याआधी पाइपचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. १५० मिमी डीआयचा तो १७० मिमी असतो, पीव्हीसीसाठीचा १६० चा सॅडल ओढूनताणून बसवला तर गॅस्केट सुटतं. प्रेशरखालीच टॅपिंग करायचं असेल तर ते टॅपिंग मशीन, फुल बोअर वॉल्व्ह आणि भोक मारण्याआधी सॅडलची दीडपट प्रेशरची चाचणी करणाऱ्या अनुभवी टोळीचं काम. हँड ड्रिलचं नाही.

आता कायद्याची एक बारीक गोष्ट. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यावरील बंदी कायद्याचं कलम ७ धोकादायक सफाईला मनाई करतं, थेट असो वा ठेकेदारामार्फत; पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. बाहेरच्या खड्ड्यातून जोडणी म्हणजे ‘सफाई’ नाही, असा युक्तिवाद समोरून होईल आणि त्यात दम आहे. पण ऐनवेळी ‘पंपविहिरीत उतरून वॉल्व्ह बंद करून या’ म्हटलं गेलं, की प्रकरण या कायद्याच्या दारात आलं. याच कायद्याखालच्या नियमांत विहिरीतला पंप काढणं किंवा ३०० मिमीपेक्षा मोठ्या लाइनची जोडणी असे मोजकेच अपवाद आहेत, आणि तिथेही आधी सांडपाणी पूर्ण उपसायचं, किमान तीन माणसं हजर ठेवायची, सलग ९० मिनिटांपेक्षा जास्त काम नाही, १० लाखांचा विमा मालकाने काढायचा. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली.

नकाराने केस होईल का? ‘चालू लाइन’ म्हणजे वापरात असलेली लाइन, फिरता पंप नव्हे, हीच तुमची भूमिका. पंप त्यांच्या ताब्यात आहे. ज्यांनी आधी करायचं ते केलं नाही, त्यांना तुमच्याकडून पूर्तता मागता येत नाही (करार कायदा, कलम ५४). रोजचे ५,००० आपोआप लागत नाहीत; कलम ७४ खाली न्यायालय वाजवी तेवढंच देतं. त्यासाठी आज पत्र द्या : चार तासांचं कुलूपबंद शटडाऊन, लाइनचा नकाशा, टँकर, गॅस मीटर हे मिळाल्यापासून दोन दिवसांत काम करून देतो. कामाला नकार देऊ नका, अट घाला. पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सॲपवर. इंजिनीअरचे मेसेज असलेला फोन विकू नका. ते न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

एवढं मात्र नीट ऐका. असं पत्र देऊन नंतर दबावाखाली तसंच काम केलंत, तर ते पत्र तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल. मृत्यूची शक्यता माहीत असून पोरांना उतरवलं म्हणून १०६ ऐवजी सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावायला वाव मिळेल, शिक्षा १० वर्षांपर्यंत. पत्र दिलंत की अट पूर्ण होईस्तोवर भोक मारायचं नाही.

ॲडव्हान्सपोटी झालेल्या खोदाईचं आणि आणलेल्या मालाचं माप दोघांच्या सहीने घ्या. ते येत नसतील तर दोन साक्षीदार आणि तारखेसह फोटो. बाकी निघालीच तर चेकने परत करा, रोख नको.