बुलेट ट्रेन पुण्याहून कोल्हापूरला वळवता येईल का?

प्रश्न : मुंबई-पुणे-हैदराबाद या सुमारे ७११ किलोमीटरच्या अतिजलद रेल्वेमार्गाचा विचार चालू आहे. त्यातील एखादी गाडी पुण्याहून नेहमीच्या रुळांवर वळवून कोल्हापूरपर्यंत आणता येणार नाही का? फ्रान्समध्ये तसे करतात, असे ऐकतो.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. १९८१ मध्ये पॅरिस-ल्यों मार्ग सुरू झाला तेव्हा नवे रूळ मुख्यतः शहरांबाहेर टाकले गेले. शहरात शिरताना गाडी जुन्याच रुळांवरून जाते, कारण दोन्हींची रुंदी एकच, १,४३५ मिलिमीटर आहे. आपली ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटरची असून मुंबई-अहमदाबाद मार्ग जपानी शिंकान्सेनच्या धर्तीवर १,४३५ मिलिमीटरचा बांधला जात आहे. हैदराबादचा मार्गही त्याच मापाचा झाला, तर पुण्यात गाडी बदलावीच लागेल. (ही कटकट मिरजेला नवी नाही. १९७१ मध्ये पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर बंगळूरची मीटरगेज आणि लातूरची नॅरोगेज धरून तिन्ही मापे तिथे कित्येक वर्षे एकत्र नांदली.)

स्पेनमध्ये चाकांमधील अंतर बदलू शकणाऱ्या गाड्या आहेत. पण तशी गाडी आणली, तरी पुण्याच्या पुढे तिचा वेग आपल्या रुळांनाच ठरवू द्यावा लागेल. ताशी ३२० किलोमीटर वेगासाठी अहमदाबादच्या मार्गावर वळणांची त्रिज्या साधारणपणे किमान ६,००० मीटर धरली आहे. पुणे-सातारा दरम्यानच्या घाटातील जुन्या मार्गाला हे माप लावणे म्हणजे नवाच मार्ग बांधणे होय. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतलाही पुण्यापर्यंतच्या सव्वातीनशे किलोमीटरला पाच तासांहून अधिक वेळ लागतो, तो डबे जुने म्हणून नव्हे.

म्हणून, माझ्या मते, कोल्हापूरकरांनी बुलेट ट्रेनच्या थांब्यापेक्षा मिरज-कोल्हापूर या ४८ किलोमीटरच्या एकेरी मार्गाच्या दुहेरीकरणाचा आग्रह धरावा. दुसरा प्रश्न पुण्यातील नव्या स्थानकाच्या जागेचा आहे. साबरमतीला अतिजलद स्थानक जुन्या रेल्वे स्थानकाला आणि मेट्रोला जोडून उभे राहत आहे. पुण्यातील स्थानक मात्र शहराबाहेर गेले, तर मुंबईच्या प्रवासात वाचलेला वेळ सामानासह रिक्षात बसून पुणे जंक्शन गाठण्यातच खर्च होईल.