‘लिनक्स’ म्हणावं की ‘ग्नू/लिनक्स’? आणि फ्री सॉफ्टवेअरवाले व ओपन सोर्सवाले एकमेकांशी एवढे का भांडतात?

कॉलेजच्या ग्रुपवर नुसतं ‘लिनक्स’ लिहिलंत म्हणून सीनियर अंगावर आले, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. मनावर घेऊ नका. हा अनुभव आमच्या पिढीलाही आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

नावाचं आधी उरकतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प (मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचा) जाहीर केला १९८३ मध्ये, लिनस टोरवाल्ड्स यांचं ‘लिनक्स’ हे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, आलं १९९१ मध्ये. मधल्या काळात ग्नूवाल्यांनी कंपायलर, शेल, एडिटर असं बरंच लिहून ठेवलं होतं; घोडं अडलं ते कर्नलपाशी. आजही उबंटू किंवा फेडोरासारख्या लिनक्स सिस्टिमवर बॅश हे शेल ग्नूचं, खालची सी लायब्ररी ग्नूची, आणि कर्नल कंपाइल होतं तेही बहुतेक वेळा ग्नूच्याच जीसीसी कंपायलरने. मग सगळं श्रेय एकट्या कर्नलला का, ही तक्रार रास्तच आहे. पण हाच न्याय लावायचा तर अल्पाइन या लिनक्स सिस्टिमला ग्नू/लिनक्स म्हणता येणार नाही, कारण तिथे ग्नूच्या जागी मसल ही सी लायब्ररी आणि बिझीबॉक्स ही साधनं. अँड्रॉइडमध्ये तर कर्नल लिनक्सचं आणि ग्नू औषधालाही नाही. मी स्वतः लिहिताना ग्नू/लिनक्स लिहितो, बोलताना लिनक्स म्हणतो. विषय संपला.

माझ्यासाठी संपला, आमच्या कॉलेजातल्या एका सीनियर दादासाठी नाही. २०११ मध्ये आम्ही कॉलेजात इन्स्टॉल फेस्ट, म्हणजे लोकांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून द्यायचा कार्यक्रम, ठेवला होता. पोस्टर मी केलं होतं, ‘लिनक्स इन्स्टॉल फेस्ट’. सकाळी येऊन बघतो तर त्यावर कार्डशीटची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर लाल स्केचपेनने ‘ग्नू/’. पट्टी एवढी मोठी की खाली लिहिलेली वेळ झाकली गेली. लोक दिवसभर विचारत होते, किती वाजता आहे म्हणून. असो, तेही चालवून घेतलं.

डेबियन या लिनक्स सिस्टिमची ‘स्क्वीझ’ आवृत्ती नुकतीच आली होती. तिच्या कर्नलमधून बंद फर्मवेअर (वाय-फाय कार्डासारख्या भागाच्या आत चालणारा, सोर्स न दिलेला प्रोग्राम) काढून वेगळ्या ‘नॉन-फ्री’, म्हणजे मुक्त नसलेल्या, विभागात ठेवलेलं होतं. इन्स्टॉलर मध्येच थांबायचा, अमुक फाइल सापडत नाही म्हणायचा आणि पेनड्राइव्ह लावून देणार का असं विचारायचा. तो पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता, आदल्या रात्री सगळ्या फाइली भरून आणलेला. पहिल्या वर्षाचा एक मुलगा नवा लॅपटॉप घेऊन बसला होता, वाय-फायचं कार्ड नेमकं फर्मवेअर मागणारं. मी पेनड्राइव्ह काढला, तोवर दादाने हात पुढे करून ‘नाही’ दाबलं.

मी म्हटलं, “दादा, त्याच्या हॉस्टेलवर केबल नाहीये. नेट येतं ते वाय-फायवरच.”

“मग त्याने कार्ड बदलावं. आज फर्मवेअर, उद्या ड्रायव्हर, परवा फोटोशॉप.”

त्या पोराने घरून हप्त्यावर लॅपटॉप आणला होता, तो कार्ड कुठून बदलणार? दादाच्या लॅपटॉपात योगायोगाने अथेरॉसचं असं कार्ड होतं ज्याला फर्मवेअर लागतच नाही, त्यामुळे तत्त्व सांभाळायला त्याला दमडी पडत नव्हती. संध्याकाळी त्याने फ्री सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांवर (वापरणं, अभ्यासून बदलणं, वाटणं, बदललेलं वाटणं) भाषणही ठोकलं. पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या लॅपटॉपवर पायरेटेड विंडोज होतं, क्रॅक केलेल्या ऑफिससकट. म्हणजे एक फर्मवेअर नको म्हणून आम्ही त्याला अख्खी बंद सिस्टिम घ्यायला लावली, तीही चोरीची.

आता ओपन सोर्सचं. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स (मूळ कोड) खुला करणार असं जाहीर केलं. फेब्रुवारीत पालो आल्टोला काही मंडळी जमली, तिथे क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हे नाव सुचवलं. नीतीचं प्रवचन न देता कंपन्यांशी बोलता यावं, हा त्यातला हिशोब. मग एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह काढलं. त्यांची व्याख्या म्हणजे डेबियनचीच मार्गदर्शक तत्त्वं, डेबियनचं नाव वगळून. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी पेरेन्स स्वतः ‘पुन्हा स्वातंत्र्याबद्दल बोलायला हवं’ असं लिहून बाहेर पडले. लायसन्स दोन्हीकडे जवळपास तीच. स्टॉलमनना बंद प्रोग्राम हा अन्याय वाटतो, ओपन सोर्सवाल्यांना ती वाईट इंजिनिअरिंग वाटते. हा फरक कागदी नाही, हे २००७ मध्ये दिसलं: सोर्स देऊन यंत्राला मात्र कुलूप ठोकणाऱ्यांना (म्हणजे बदललेला कोड त्यावर चालू न देणाऱ्यांना) ग्नूच्या जीपीएल लायसन्सच्या आवृत्ती ३ ने अडवलं, आणि टोरवाल्ड्स यांनी कर्नल आवृत्ती २ वरच ठेवलं. माझं मत विचाराल तर इथे स्टॉलमन बरोबर. कंपन्यांना ओपन सोर्स हे नाव आवडतं, कारण त्यात त्यांना कुणी जाब विचारत नाही. (मी पोट भरतो ते अशाच एका कंपनीत, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या.)

पण मूळ मुद्दा फर्मवेअरचा. २०२२ मध्ये डेबियनने यावर रीतसर मतदान घेतलं आणि नॉन-फ्री फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरलं. २०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ तसंच आलं. म्हणजे मी खिशात घेऊन फिरत होतो ते डेबियनने डिस्कवर घातलं. दादाला लिंक पाठवली. त्याचं उत्तर: “म्हणूनच एफएसएफच्या यादीत डेबियन नाही.” एफएसएफ म्हणजे स्टॉलमन यांनी काढलेलं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन; पूर्ण मुक्त सिस्टिम्सच्या त्यांच्या यादीत डेबियन आधीही नव्हतं, नॉन-फ्री विभागामुळेच. पण हे त्याला कोण सांगणार?

त्याच्या बाजूचं एक मात्र खरं आहे. ते फर्मवेअर आत काय करतं हे तुम्हाला-मला बघता येत नाही, आणि डेबियनने घेतलं म्हणून ते मुक्त होत नाही. तेव्हा लॅपटॉप अजून घ्यायचा असेल तर घेण्याआधी वाय-फायचं कार्ड कुठलं आहे ते बघा. आधीच घेतलेला असेल तर फर्मवेअर टाका, दुसऱ्याला टाकून द्या, आणि देताना हे बंद आहे एवढं त्याच्या कानावर घाला. मीही त्या मुलाला तेवढंच सांगणार होतो.