लायसन्स, एएमसी आणि बिलांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. मिल, गोडाऊन आणि शहरातलं ऑफिस मिळून ४२ कॉम्प्युटर आहेत. सॉफ्टवेअरची काही बिलं अकाउंट्समध्ये, काही डीलरकडे, बाकीच्यांचा पत्ता नाही. लायसन्सचं रजिस्टर बनवायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : बिलांपासून. आधी कॉम्प्युटर मोजत फिरलात तर काय चाललंय ते कळेल, पण ते वापरायचा हक्क आहे की नाही हे कळणार नाही. अकाउंट्सकडून मागच्या पाच वर्षांची 'कॉम्प्युटर', 'सॉफ्टवेअर' आणि 'रिपेअर-मेंटेनन्स' ही तिन्ही लेजर काढून घ्या. तिसरं सोडू नका, अँटिव्हायरस आणि टॅलीचं टीएसएस (अपडेट-सेवेची वर्गणी) बरेचदा त्यातच टाकलेलं असतं.

एक्सेलमध्ये एका खरेदीला एक ओळ ठेवा. त्यात सॉफ्टवेअर आणि आवृत्ती, किती जणांसाठी, बिल नंबर, डीलर, लायसन्स कोणत्या ईमेलवर नोंदलंय, मुदत कधी संपते आणि रिन्यूअलचा निर्णय कधी घ्यायचा, एवढे रकाने पुरतात. ईमेलचा रकाना फार महत्त्वाचा. डीलरने स्वतःच्या ईमेलवर नोंदणी केलेली असली तर डीलर बदलताना रिन्यूअल अडतं, डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) बाबतीत तर वेबसाइटच दुसऱ्याच्या हातात राहते. कंपनीच्या डोमेनवर एक सामाईक पत्ता उघडा आणि सगळं त्यावर वळवा. निर्णयाची तारीख मुदतीच्या ६० दिवस आधीची धरा. करार आपोआप वाढणारा असेल आणि बंद करण्यासाठी ९० दिवसांची नोटीस लागत असेल, तर १०५ दिवस आधीची.

आता मशीनकडे वळा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, स्लॅश आणि डी-एल-आय टाइप करा. खिडकीत 'ओईएम' (मशीनबरोबर आलेलं), 'रिटेल' (सुटं घेतलेलं) किंवा 'व्हॉल्यूम' (कंपनीने एकगठ्ठा घेतलेलं) दिसेल, खाली लायसन्स-कीची शेवटची पाच अक्षरं. ओईएम लायसन्स त्या मशीनबरोबरच संपतं, जुना पीसी भंगारात देऊन त्याची विंडोज नव्यावर नेता येत नाही. 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' दिसलं आणि तुमच्याकडे केएमएस सर्व्हर (कंपनीतली विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारा स्वतःचा सर्व्हर) नसेल, तर कोणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम, चालवलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा मशीनचा प्रश्न आधी निकाली काढा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे जाणूनबुजून नकली प्रत वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय असल्या अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर व्हायरस येण्याचा धोका वेगळाच.

कायमस्वरूपी लायसन्सलाही तारीख असते, अपडेट बंद होण्याची. विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिस २०२१ ची तारीख १३ ऑक्टोबर २०२६. टॅलीचंही तसंच: टीएसएस संपलं तरी टॅली उघडतं, पण नवं रिलीज मिळत नाही आणि टॅलीतून थेट ई-इन्व्हॉइस (जीएसटीचं ऑनलाइन नोंदवलेलं बिल) काढता येत नाही. हे नेमकं डाळीची गाडी भरून गेटवर उभी असताना लक्षात येतं.

सगळी रिन्यूअल ३१ मार्चला आणायचा मोह टाळा. तेव्हा अकाउंट्सला श्वास घ्यायला वेळ नसतो. व्हेंडरकडून उरलेल्या महिन्यांचे प्रमाणशीर पैसे लावून घ्या आणि तारखा जुलै-ऑगस्टमध्ये आणा.

प्रश्न : धुळ्यात आमची ऑइल मिल आहे. यूपीएसची 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' (सुट्या भागांसकट) एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, घेतली, तरी व्हेंडर म्हणतो बॅटरी त्यात येत नाही. खरं का?

उत्तर : बहुतेक करारांत खरं आहे. बॅटरी, प्रिंटरचा ड्रम आणि हेड, अ‍ॅडॉप्टर हे 'कन्झ्युमेबल' म्हणून वगळलेले असतात. सही करण्याआधी वगळलेल्या वस्तूंची यादी वाचा आणि प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर परिशिष्टात आहे ना, ते पाहा. नंबर नसेल तर 'हे मशीन करारात नाही' हे उत्तर ठरलेलं.

सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर सांगितलेलं असतं, आणि साधारण दर १० अंश वाढीला ते निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणून लोड टेस्ट फेब्रुवारीतच करून घ्या. एक बॅटरी बसली की तिच्या ओळीतल्या बाकीच्यांवर ताण येतो. जुन्या ओळीत एकच नवी घालून काम भागत नाही, पूर्ण सेट बदलावा लागतो. तो खर्च आधीच बजेटमध्ये ठेवा.

दुसरी पळवाट 'रिस्पॉन्स टाइम' या शब्दात आहे. चार तासांत फोन आला तरी तो रिस्पॉन्स झाला. इंजिनिअर नाशिकहून यायचा असेल तर मशीन चालू होण्याची मुदत वेगळी लिहून घ्या आणि तोवर स्टँडबाय देण्याची अटही. वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. तिमाही ठेवा, आणि त्या तिमाहीच्या देखभाल भेटीचा सही केलेला रिपोर्ट आल्यावरच बिल पास करा.

प्रश्न : शिरपूरच्या सूतगिरणीत २० टर्मिनल आहेत आणि तीन पाळ्यांत ६० ऑपरेटर. विंडोज सर्व्हरचे सीएएल (सर्व्हरला जोडण्याचे परवाने) ६० घ्यावेत का?

उत्तर : नाही. 'डिव्हाइस सीएएल' (माणसामागे नव्हे, मशीनमागे एक) घ्या, २० पुरतील. 'यूजर सीएएल' एकाच माणसाकडे डेस्कटॉप, लॅपटॉप आणि फोन असेल तिथे परवडतो, म्हणजे मॅनेजरसाठी. सीएएल सर्व्हरच्याच आवृत्तीचा किंवा त्याहून नवा हवा: २०१९ चा सीएएल २०२२ च्या सर्व्हरला चालत नाही, उलट चालतो. टर्मिनल रिमोट डेस्कटॉपने (सर्व्हरवरचाच डेस्कटॉप टर्मिनलवर उघडून) जोडलेले असतील तर आरडीएस सीएएल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे परवाने, त्याशिवाय वेगळे लागतात. ते न घालताही १२० दिवस सगळं नीट चालतं, मग जोडणी नाकारली जाते, म्हणून सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची सोय सुरू केली त्या दिवसाची तारीख रजिस्टरमध्ये आजच टाका.