वडलांना माफ करायचं म्हणजे त्यांना घरी ठेवून घ्यायचं का?

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. मी जालना जिल्ह्यातली, लग्न होऊन संभाजीनगरला आलेय, वय 36. माझे वडील दारू पिऊन आईला आणि आम्हा दोघी बहिणींना लई मारायचे, आई त्याच धास्तीत गेली. आता त्यांनी दारू सोडलीय, चर्चला जातात, मागं प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली, म्हणजे आपलं चुकलं, देवानं बदललं असं सगळ्यांपुढं सांगितलं, तेव्हा सगळे रडले, मला मात्र काहीच वाटलं नाही, उलट ते नुसते खाकरले तरी पोटात गोळा येतो. आता म्हणायलेत उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडं येतो. नवरा म्हणतो येऊ दे, सभेतल्या बायका म्हणतात साताच्या सत्तर वेळा क्षमा कर असं बायबलमध्येच आहे. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. नाही म्हणलं तर माझा विश्वास खोटा ठरंल का?

उत्तर : नाही माय, खोटा ठरत नाही. पोटात गोळा येतो तो विश्वास कमी म्हणून नाही, लहानपणी तो आवाज ऐकला की पळावं लागायचं हे अंगाला अजून आठवतंय म्हणून.

साताच्या सत्तर वेळा हे येशूचेच शब्द आहेत, त्यात काटछाट मी करणार नाही. पण क्षमा करणं वेगळं आणि घराचं दार उघडून देणं वेगळं, आणि हे मी मनानं सांगत नाही, बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात योसेफाची गोष्ट 42 पासून 45 व्या अध्यायापर्यंत नीट वाच. सतराव्या वर्षी सावत्र भावांनी विकलेलं पोरगं, पुढं मिसरात मोठा अधिकारी झाला, लेकरू झालं तेव्हा म्हणाला देवानं मला बापाचं घर विसरायला लावलं, आणि तेच भाऊ धान्य मागायला समोर उभे राहिले तर बाजूला जाऊन रडला. म्हणजे विसरला नव्हताच. बरं, लगेच गळ्यात पडला का? नाही! ओळखसुद्धा दिली नाही, तीन दिवस कोठडीत ठेवलं, शिमोनाला अडकवून घेतलं, घरी राहिलेल्या धाकट्या भावाला आणा म्हणला, आणि ज्या यहूदानं त्याला विकायची गोष्ट काढली होती तोच जेव्हा म्हणला की या धाकट्याच्या जागी मला गुलाम ठेवा, तेव्हा कुठं योसेफ मोकळा झाला. विकल्यापासून 22 वर्षं झाली होती तोवर. त्याला कोणी म्हणत नाही की तुझा विश्वास कच्चा.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट दिसलीच नाही, वडील तुझ्याशी काय बोलले? सभेत साक्ष दिली ते चांगलंच, दारू सोडणं सोपं नसतं, पण मारलं कुणाला, तुम्हा पोरींना, आणि माफी मागितली माईकवर. बायबलमधला जकातदार जक्कय येशूला भेटून बदलला तेव्हा ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणला, सरळ त्या माणसालाच. सभेतल्या बायकांनी हे वडलांना सांगायला पाहिजे, तुलाच क्षमेचे पाठ कशाला द्यायलेत मला कळत नाही.

तू रोज देवाला खोटं खोटं "मी माफ केलं" म्हणू नकोस. बायबलमधलं स्तोत्र 13 काढ, त्यात दावीद सरळ विचारतो, परमेश्वरा, किती वेळ? स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तेही देवाच्याच पुस्तकात ठेवलंय ना. जे झालं ते त्याच्यापुढं नाव घेऊन बोल, राग आला तर रागानं बोल, रडू आलं तर रड. 147 व्या स्तोत्रात देव जखमांना पट्टी बांधतो म्हणलंय आणि पट्टी बांधायची तर जखम उघडी करून दाखवावीच लागते.

आणि झोपेचं अंगावर काढू नकोस. बायबलमधला संदेष्टा एलिया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, दूताच्या हातून भाकर-पाणी दिलं, बोलणं नंतर. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे तिथं जा, नाहीतर मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा सरकारी फोन नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीपण लागतो. गोळी घेतली म्हणून प्रार्थना बाद होत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात वडील गावाकडंच राहू दे. औषधपाण्याला पैसे द्यावे वाटले तर दे, भेटावं वाटलं तर पास्टरच्या बायकोला नाहीतर बहिणीला सोबत घेऊन तासभर भेट, आणि नवऱ्याला मात्र आजच बसवून लहानपणीचं सगळं सांग, मला वाटतं त्याला त्यातलं अर्धंच माहीत असंल.