मधुमेह, तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक, ईएफ ३५: बायपास की स्टेंट?

वडील ७२ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह, तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) ३५. एक डॉक्टर बायपास म्हणतात, दुसरे स्टेंट, आणि आई म्हणते, "या वयात छाती उघडायची नाही." तुमची घालमेल समजते. छातीत दुखणं थांबून ते घरी आलेत, म्हणजे विचाराला चार दिवस मिळालेत. मात्र अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'लेफ्ट मेन' (हृदयाच्या डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी) मध्ये ब्लॉक लिहिला असेल, किंवा बसल्या जागी पुन्हा दुखलं, तर थांबू नका.

ब्लॉकच्या टक्क्यांवर अडकू नका. अँजिओग्राफीची सीडी घेऊन कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांना एकत्र बघायला सांगा. सिंटॅक्स स्कोर (ब्लॉक किती गुंतागुंतीचे ते सांगणारा आकडा) विचारा: २२ पर्यंत कमी, ३३ किंवा जास्त म्हणजे ब्लॉक गुंतागुंतीचे. मग खरा प्रश्न: ब्लॉकच्या पुढची वाहिनी टाका घेण्याइतकी जाड आहे का? जुन्या मधुमेहात त्या बारीक होतात, आणि बायपासचा बेत बहुतेक इथेच अडतो.

वाहिन्या चांगल्या असतील तर माझं मत बायपासकडे झुकतं. स्टेंट एकच जागा मोकळी करतो. बायपासमध्ये ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून घेतलेली रक्तवाहिनी, ब्लॉकच्या पलीकडे जोडला जातो, त्यामुळे अलीकडच्या भागात नवा ब्लॉक झाला तरी रक्त पोचतं. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात मधुमेहींमध्ये बायपासनंतर स्टेंटपेक्षा मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी दिसले, पक्षाघात मात्र जास्त. ईएफ ३५ किंवा कमी असलेल्यांच्या स्टिच अभ्यासात (यात तुलना स्टेंटशी नाही, नुसत्या औषधांशी होती) बायपास झालेल्यांना पहिल्या महिन्यात धोका जास्त होता. दहा वर्षांच्या हिशोबात ते जास्त जगले. म्हणून किडनी, फुप्फुसं आणि अंगातली ताकद बघायची, नुसतं वय नाही. पाच मीटर नेहमीच्या चालीनं चालायला सहा सेकंदांहून जास्त लागत असतील, तर ते सर्जनना आवर्जून सांगा. एसटीएस स्कोर (ऑपरेशनच्या धोक्याचा अंदाज) तुमच्या वडिलांचेच आकडे घालून काढायला लावा.

आणि हे सगळं वडिलांना सांगा. त्यांच्या पाठीमागे ठरवलेलं ऑपरेशन नंतर व्यायाम-पथ्याच्या वेळी जड जातं.

गोळ्यांत हमखास गफलत होते. रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या साधारण ५ दिवस आधी थांबवतात, मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ३ दिवस. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. मनानं काहीच बंद करू नका, सगळी पाकिटं दाखवून तारखा लिहून घ्या. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणारा तिथला कर्मचारी) भेटा.

ऑपरेशननंतर आयसीयूत ते असंबद्ध बोलले तर घाबरू नका, पण नर्सना लगेच सांगा. चष्मा, श्रवणयंत्र जवळ असू द्या, दिवस-वार सांगत राहा. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ठोके अनियमित होणं बरंच आढळतं, त्यावर औषध असतं. खोकताना उशी छातीशी धरायची. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. तोवर भरलेली बादली नाही, आणि उठवताना हाताला धरून ओढायचं नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, छातीत 'कट्' असा आवाज, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला दाखवा.