फिट येत नाही, मग गोळी कशाला?

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. फिटसाठी सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरासिटाम घेतो. दीड वर्षात एकही फिट नाही, ईईजीही (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला. होस्टेलवर गेल्यापासून रात्रीची गोळी अधूनमधून राहते. आता गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

उत्तर : परस्पर मुळीच नाही. ईईजीत सहसा अर्ध्या तासाचीच नोंद होते. तेवढ्या वेळात गडबड दिसली नाही, एवढंच त्यावरून कळतं. एपिलेप्सी (वारंवार फिट येण्याचा आजार, अपस्मार) असलेल्या अनेकांचा ईईजी नॉर्मल येतो. साधारण २ वर्षं फिटविना गेली की डॉक्टर फिटचा प्रकार, एमआरआय आणि ईईजी एकत्र पाहून औषध कमी करायचं का ते ठरवतात, आणि तेही काही महिन्यांत हळूहळू. एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती राहून गेलेल्या गोळीची. या औषधाचं रक्तातलं प्रमाण ६ ते ८ तासांत निम्म्यावर येतं. रात्रीची गोळी राहिली की दोन डोसांत २४ तासांचं अंतर पडतं आणि सकाळी आठवा हिस्सा उरला तरी पुष्कळ. त्यात गोळी विसरते ती बहुधा जागरणाच्या रात्री, आणि अपुरी झोप स्वतःच फिट ओढवून घेते. काही तासांत आठवलं तर लगेच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम नकोत. सकाळ-रात्रीचे वेगळे कप्पे असलेली आठवड्याची डबी घ्या, म्हणजे राहिलेली गोळी डोळ्यांना दिसते. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : फिट आली आणि दातखिळी बसली, तर खोलीतल्या मित्रांनी चमचा घालावा का?

उत्तर : तोंडात काहीही घालू नये. जीभ गिळली जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. आधी घड्याळ पाहा. आसपासच्या टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी किंवा गोळी देऊ नका. नंतर काही वेळ तो गोंधळलेला, झोपाळलेला असणं स्वाभाविक आहे. झटके ५ मिनिटांहून जास्त चालले, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, श्वासाला त्रास झाला किंवा मार लागला, तर रुग्णवाहिका बोलवा. दुसरं कुणी हजर असेल तर त्याने व्हिडिओ काढावा. फिटचा प्रकार ओळखायला डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.