उन्हाळाभर दौऱ्यावर जाऊ का?

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, ड्रम्स वाजवते. पदवीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपली की दौऱ्यावर येतेस का, असं एका बँडने विचारलं आहे. ५८ दिवस, ३४ कार्यक्रम. माझे बाबा गिटारवादक आहेत आणि माझ्या लहानपणीचे जवळजवळ सगळे उन्हाळे ते दौऱ्यावर होते. ते परत आले की त्यांची गिटारची केस दारात उभी असायची. तिच्यावर एकावर एक चिकटलेल्या विमान कंपन्यांच्या पट्ट्या मी नखाने सोलत बसायचे आणि आई म्हणायची, ‘हळू, बाबा झोपलेत.’ माझा धाकटा भाऊ ९ वर्षांचा आहे, त्याला माझ्याशिवाय करमत नाही. त्याचा वाढदिवस बरोबर दौऱ्याच्या मध्यावर येतो. आई म्हणते, जाऊ नकोस. बाबा काहीच बोलत नाहीत. मला बाबांचं काम हवं आहे, पण त्यांच्यासारखं घरात नसणं नको आहे. हे जमतं का? मला १० दिवसांत उत्तर द्यायचं आहे. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पट्ट्या सोलणारी ती मुलगी डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून आधी थेट उत्तर देते. जा. फक्त ‘हो’ कळवण्याआधी काही गोष्टी विचारून घे आणि त्या लेखी घे.

तुझ्या पत्रात ५८ आणि ३४ हे दोन आकडे आहेत. म्हणजे कार्यक्रमाशिवायचे २४ दिवस. त्यातले प्रवासाचे किती, तालमीचे किती आणि खरोखर मोकळे किती, हे तू विचारलं आहेस का? बहुधा नाही, कारण पहिल्या दौऱ्याच्या आनंदात हे कुणालाच सुचत नाही. गाडी, चालक, तंत्रज्ञांचं मानधन, राहण्याचा खर्च हे सगळं रोज चालू असतं आणि बिदागी फक्त कार्यक्रमाच्या दिवशी येते. मोकळा दिवस म्हणजे आयोजकांच्या हिशेबात निव्वळ खर्च. त्यामुळे मध्ये रिकामी जागा दिसली की तिथे एखादा छोटा कार्यक्रम, एखादी मुलाखत, एखादं ध्वनिमुद्रण येऊन बसतं. यात कुणाची दुष्टाई नसते, पैशाचं गणितच तसं आहे. पण याचा अर्थ असा, की घरासाठीचा दिवस दौऱ्यात आपोआप कधीच उरत नाही. तारखा लागत असतानाच तो धरून ठेवावा लागतो. मला तुला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. उन्हाळा सुरू झाल्यावर घर आणि कार्यक्रम यांचा मेळ घालायला निघालेले वादक मी पुष्कळ पाहिले. ज्यांचा मेळ बसला, त्यांनी तो तीनचार महिने आधी डायरीत बसवला होता.

क्लारा शूमान हे नाव तू ऐकलं असशील. १९ व्या शतकातली फार मोठी पियानोवादक. १८५६ मध्ये नवरा रॉबर्ट शूमान गेला, तेव्हा ती ३६ वर्षांची होती. आठ मुलं झाली होती, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं होतं. उरलेल्या सात मुलांचं घर तिने कार्यक्रमांच्या दौऱ्यांवर चालवलं. मुलं नातेवाइकांकडे, वसतिगृहांत, अशी विखुरलेली असायची. तिच्याविषयी मला फार आदर वाटतो. मुलांना याचा त्रास झाला नसेल असं मात्र मी म्हणणार नाही. पण तिने एक गोष्ट केली. १८६० च्या दशकात बाडेन-बाडेनजवळ लिख्टेनटाल इथे घर घेतलं आणि अनेक वर्षं उन्हाळ्यात सगळी मुलं तिथे तिच्याजवळ येत. त्या काळी संगीताचा हंगाम शरदापासून वसंतापर्यंत असायचा, उन्हाळा मोकळा असायचा. तिने तो मोकळा काळ घराला दिला.

आज हंगाम उलटा झाला आहे. युरोपातला उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. इंग्लंडमधला ग्लास्टनबरी महोत्सव जूनच्या अखेरीस, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोचा जाझ महोत्सव जुलैत, ऑस्ट्रियातल्या सॅल्झबर्गचा जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत. लोकांना सुट्टी असते म्हणून महोत्सव उन्हाळ्यात होतात आणि नेमकी त्याच कारणाने मुलं घरी असतात. तुझ्या बाबांचे उन्हाळे असे गेले. म्हणून या पेशात शिरताना पहिल्या दिवसापासून धरून चाल, की इतरांचा सुट्टीचा हंगाम हा तुझा कामाचा हंगाम आहे. घरासाठीचा काळ तुला वर्षात दुसरीकडे शोधावा लागेल आणि तो आत्ताच नावासकट ठरवावा लागेल. ‘दौरा संपल्यावर बघू’ असं म्हटलं की तिथे पुढचा दौरा येतो.

काही मोठ्या कलाकारांनी यावर वेगळा उपाय काढला. अमेरिकन गायक-पियानोवादक बिली जोएलने जानेवारी २०१४ ते जुलै २०२४ या काळात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दर महिन्याला एक, या बेताने १०४ कार्यक्रम केले (मधला महासाथीचा काळ सोडून). ब्रिटिश गायिका केट बुशने १९७९ नंतर दौराच केला नाही. २०१४ मध्ये ती परत मंचावर आली ती लंडनच्या एकाच सभागृहात २२ कार्यक्रमांसाठी, आणि तिचा मुलगाही त्यात होता. श्रोता आपल्याकडे येतो, तेव्हा हे शक्य होतं. तुझ्यासाठी हा मार्ग आज नाही. १९ व्या वर्षी साथीला बसणाऱ्या ड्रमरच्या हातात अटी घालण्याची ताकद फार नसते आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणून दहा मागण्या घेऊन जाऊ नकोस. एकच मागणी घेऊन जा.

ती म्हणजे भावाच्या वाढदिवसाची तारीख. त्या दिवशी कार्यक्रम आहे का ते आजच विचार. नसेल, आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला) पोहोचता येत असेल, तर ‘ही तारीख मला मोकळी हवी, प्रवासखर्च माझा’ असं लिहून पाठव. सभ्य आयोजक याला सहसा नाही म्हणत नाहीत. कार्यक्रम असेल, तर भावाला खोटी आशा लावू नकोस. ‘बघते, जमलं तर येईन’ हे तर मुळीच म्हणू नकोस. ९ वर्षांचं मूल त्या ‘जमलं तर’वर महिनाभर जगतं. त्याच्याजवळ बस, दुसरी तारीख दोघांनी मिळून निवडा, आणि तुझ्या सगळ्या मुक्कामांचा कागद त्याच्या हातात दे. ताई आज कुठे आहे हे त्याला कुणाला न विचारता सांगता आलं पाहिजे.

फोनबद्दल एक सांगते. माझ्याकडे एक बेसवादक सल्ल्याला यायचे. दौऱ्यावर असताना ते घरी रात्री साडेअकराला फोन करायचे, कारण कार्यक्रम आटोपून सामानाची बांधाबांध झाली की तेव्हाच त्यांना सवड मिळायची. मुलगा केव्हाच झोपलेला असायचा. बायकोचा दिवसभराचा शीण आणि यांच्या अंगात कार्यक्रमाची चढलेली लय. बोलणं भांडणावर जायचं. आम्ही त्यांच्या दिवसाचे तास कागदावर मांडले. साउंडचेक साडेपाचला संपायचं, मंचावर जायचं ते नऊला. मधल्या वेळात ते इतरांबरोबर गप्पा मारत बसत. मग ते गाडीच्या पायरीवर बसून सहाला फोन लावू लागले. पहिले काही दिवस मुलाशी काय बोलावं हेच सुचेना. नंतर मुलगा फोन टेबलावर उभा करून अभ्यासाला बसायचा आणि हे इकडे तारा बदलत बसायचे. अर्धा अर्धा तास कुणी काही बोलत नसे. मधेच तिकडून प्रश्न यायचा, ‘बाबा, गुणाकार आधी की बेरीज?’ हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांचं जमलं. तुझ्या दिवसातही अशी एक पायरी असेल, ती शोध.

आणि परत आल्यावरचा पहिला दिवस. तुझ्या पत्रातली ती झोपलेल्या बाबांची दुपार. दीड-दोन महिने रोज रात्री एकदोन वाजता अंथरुणाला पाठ टेकवलेल्या शरीराला एका दिवसात घरचं घड्याळ लागत नाही. प्रवासाने वेळेत फरक पडला असेल, तर साधारण दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो. शिवाय रोजच्या टाळ्या अचानक थांबल्या की अनेकांना चारपाच दिवस मलूल वाटतं. हे आधी माहीत असलं की घरच्यांना सांगून ठेवता येतं : पहिला दिवस मी झोपेन, दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तुमची. बाबांनी तसं कधी सांगितलं नसावं आणि तुम्हीही विचारलं नसावं. त्यात दोष कुणाचा हे शोधत बसू नकोस.

आता पेशाचं बघू. पुढे बारा-पंधरा वर्षांनी तुला स्वतःचं घर-संसार असेल, तेव्हा एखादी तारीख नाकारता येण्यासाठी तुझी मिळकत केवळ मंचावरून येत असून चालणार नाही. ज्याचं महिन्याचं भाडं पुढच्या कार्यक्रमावर अवलंबून आहे, तो कोणत्याच तारखेला नाही म्हणू शकत नाही. म्हणून ही वर्षं त्या तयारीत घालव. स्वरलिपी आणि तालाचं लेखन वाचायला पक्कं शिक. पाश्चात्त्य धाटणीच्या संगीतनाटकांच्या (म्युझिकल्सच्या) वाद्यवृंदात त्याशिवाय प्रवेश नाही, आणि तिथे आठवड्याला आठ प्रयोग असले तरी रात्र घरच्या गादीवर जाते. घरून ड्रम्सचे ट्रॅक ध्वनिमुद्रित करून पाठवायला शिक, आज हे काम दूरवरून होतं. शिकवणं सुरू कर, आठवड्याला दोनच विद्यार्थी का असेनात. गाण्याच्या रचनेत तुझा वाटा असेल, तर तो ध्वनिमुद्रणाच्या आधी लिहून घे, कारण साथीदाराला बिदागी एकदाच मिळते आणि रचनाकाराला रॉयल्टी वर्षानुवर्षं. वादक म्हणून तुझं नाव प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत आलंच पाहिजे. १९६१ च्या रोम करारापासून वादकांचे हक्कही आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले आहेत, पण नोंदच नसेल तर ते मागायचे कशाच्या जोरावर?

पदवी सोडू नकोस, हे वेगळं सांगायला नको. दुसरं वर्ष कधी सुरू होतं आणि दौऱ्याचा ५८ वा दिवस कधी येतो, एवढं शेजारी शेजारी लिहून बघ.

कानांविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. ड्रम्सच्या मागे बसून दीड तास वाजवणाऱ्या मुलीने हा हिशेब स्वतःच करावा. वादकांसाठी कानाच्या मापाचे प्लग करून मिळतात, ते तालमींपासून वापर. जाण्याआधी श्रवणतपासणी करून घे आणि तो कागद जपून ठेव, पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना त्याच्याशी होईल.

राहिले आईबाबा. आईचं ‘जाऊ नकोस’ तू विरोध म्हणून ऐकते आहेस. मला त्यात थकवा ऐकू येतो. तिने कितीतरी उन्हाळे एकटीने घर ओढलं, सुट्टीतली दोन मुलं सांभाळली, आणि नवरा परतल्यावर पुन्हा मुलांना ‘हळू’ म्हणायचं कामही तिच्याच वाट्याला आलं. या सगळ्याविषयी तिला कुणी कधी विचारलं आहे का? तू विचार, आणि दौऱ्याचा विषय त्यात आणू नकोस. या पेशातल्या माणसाच्या घरी दुसऱ्या माणसावर नेमका किती भार पडतो, हे तुला माझ्यापेक्षा ती नीट सांगेल. पुढे तू ज्याच्याबरोबर राहशील, त्याच्यासाठी तुला हे माहीत असायला हवं.

बाबा गप्प आहेत, कारण ते ‘जा’ म्हणाले तर आईला लागेल आणि ‘नको’ म्हणाले तर स्वतःचंच आयुष्य नाकारल्यासारखं होईल, असा माझा अंदाज आहे. त्यांचं मत मागू नकोस. त्यांच्या जुन्या डायऱ्या काढायला सांग. बहुतेक वादक त्या टाकत नाहीत. तुझ्या लहानपणीचा एखादा उन्हाळा उघडा आणि विचार, ‘बाबा, यातली कुठली तारीख तुम्हाला सोडता आली असती?’ ते बोट ठेवतील त्या तारखांना कसले कार्यक्रम होते, किती बिदागी होती, ‘नाही’ का म्हणता आलं नाही, हे सगळं ऐकून घे. १० दिवसांतली एक संध्याकाळ त्यासाठी ठेव, आणि तुझा होकार त्यानंतरच पाठव.